भारीचा डबा

गाडी बंद पडली तेव्हा मागच्या सीटवर माझी सून संगीता ओठ चावून कण्हत होती आणि आमचे डागवाले भाऊजी टाकीच्या तोंडाला नाक लावून वास घेत होते. अल्लीपूर मागे राहिलं होतं आणि हिंगणघाट अजून लांब होतं. मे महिना, सकाळचे अकरा. रस्त्याच्या कडेला सावलीचं एक झाड नव्हतं. गाडीने ओकलेला पांढरा धूर अजून हवेत होता. मला वाटलं, या माणसाचं डोकं फिरलं. बाई अडली आहे आणि हा वास कसला घेतो?

भाऊजींनी बांधावरची कापसाच्या पऱ्हाटीची एक काडी मोडली, टाकीच्या तोंडात घातली, बाहेर काढली आणि खिशातल्या पांढऱ्या कागदावर तिचा एक थेंब पाडला. कागदावर फुंकर मारली. थेंब उडाला नाही, पसरला. पिवळा डाग तसाच राहिला.

"वहिनी, टाकीत काय टाकलं?"

"भारी," मी म्हटलं. "भारीच टाकलं."

त्यांनी कागद चुरगाळून खिशात घातला. रस्त्याच्या मधोमध गेले आणि दोन्ही हात पसरून उभे राहिले.

पुढचं सांगायच्या आधी हा माणूस कोण होता ते सांगते, नाहीतर कोणाला काही समजणार नाही. मलाही सगळं समजलं आहे असं नाही.

भाऊजी माझ्या नवऱ्याचे मित्र. नवरा गेला, पण भाऊजींचं येणं सुटलं नाही. रोज सकाळी दारात उभे राहून "जयभीम वहिनी, च्या हाये का?" असं विचारायचे आणि नाही म्हटलं तरी बसायचे. तीस वर्षं त्यांनी वर्ध्याला एका सरकारी खात्याची जीप चालवली. रिटायर झाल्यावर गावी आले. बायको आधीच वारली होती, मूलबाळ नव्हतं. त्यांचं खरं नाव गावात कोणी घेत नसे. डागवाले म्हटलं की कळायचं.

हे नाव कागदावरून पडलं. शर्टाच्या खिशात नेहमी पांढऱ्या कागदाचे चौकोनी तुकडे. पेट्रोलपंपावर गेले की पहिले कागद पुढे करायचे. नळीच्या तोंडाचा एक थेंब त्यावर पाडून घ्यायचे आणि वाट बघायचे. पेट्रोल चोख असलं तर उडून जातं, कागद कोरा राहतो. भेसळ असली तर डाग राहतो. मागे लाइनीतले लोक हॉर्न वाजवायचे. भाऊजी वळून सांगायचे, "घाई असन तं पुढं होय बाबू. इंजिन माह्यं जाईन, तुह्यं नाई." एकदा माझ्या घरातलं शेंगदाण्याचं तेलसुद्धा त्यांनी कागदावर टाकून पाहिलं. डाग राहिला. म्हणाले, "हे तं राहनच." मग टाकलं कशाला, विचारलं तर म्हणे, "पाहून घेतलं."

दुसरी सवय झाकणाची. कोणाची नवी गाडी आली की लोक तिला हार घालतात, भाऊजी तिच्या टाकीचं झाकण उघडायचे. आतल्या बाजूला एक चिठ्ठी चिकटवलेली असते, तिच्यावर कोणतं तेल चालतं ते लिहिलेलं असतं. भाऊजी चष्मा काढून, डोळा लावून ती वाचायचे. "पंपवाल्याले काऊन इचारता? गाडीले इचारा. तिनं तिचं पथ्य लिहून ठेवलं हाये," हे त्यांचं ठरलेलं बोलणं.

आमच्या गाडीची चिठ्ठी पुसलेली होती. माझा मुलगा विनोद हिंगणघाटला एका ऑफिसात कारकून आहे. त्याने जुनी पांढरी गाडी घेतली, तिसऱ्या हाताची. स्वतः मोटरसायकलने जायचा, गाडी अंगणात उभी. संगीताला दिवस गेले म्हणूनच घेतली होती. तिचं पहिलं बाळ सातव्या महिन्यात गेलं होतं. तेव्हा वेळेवर वाहन मिळालं नाही. तिच्या आईने मात्र बोट माझ्याकडे दाखवलं. म्हणाली, पोट दुखते हे सासूनं वेळेवर कोणाले सांगितलंच नाई. संगीता हो म्हणाली नाही, नाही पण म्हणाली नाही. त्या दिवसापासून आमच्या घरात दोघी बायका एका चुलीवर होतो आणि मधे एक भिंत होती. या वेळी गाडी दारात असावी, एवढंच सगळ्यांचं म्हणणं.

पण त्या गाडीत घालायचं काय, यावर गावात एकमत नव्हतं. चिठ्ठीच पुसलेली. हायवेवरच्या पंपावर एक साधं पेट्रोल, एक प्रीमियम, आणि डिझेल वेगळं. साध्यात आता उसाचा की मक्याचा अर्क मिसळतात म्हणे, शंभरात वीस. कोणी म्हणे, त्याने जुन्या गाडीचे रबर खराब होतात. कोणी म्हणे, काही होत नाही, सगळ्या अफवा. विनोद मोबाइलवर एक माणूस दाखवायचा, तो सांगायचा प्रीमियम टाका. लगेच दुसरा यायचा, तो सांगायचा पैसे पाण्यात. दोघेही सुटाबुटातले, दोघेही ठासून बोलायचे. मी ऐकत बसायची आणि आधी जेवढं कळत होतं तेवढंही जायचं.

मी भाऊजींना विचारलं, "प्रीमियममधे ताकद जास्त असते का?"

"ताकद नाई वहिनी. सबुरी असते."

"पेट्रोलाले कसली सबुरी?"

मग त्यांनी समजावलं. साधं एक्क्याण्णव नंबरचं, प्रीमियम पंचाण्णव नंबरचं. नंबर वाढला म्हणजे तेलाची सबुरी वाढली. इंजिन तेलाला दाबतं. कमी नंबरचं तेल दाब सहन न होऊन वेळेच्या आधीच भडकतं आणि इंजिन ठोकायला लागतं. जास्त नंबरचं दाबलं तरी थांबतं, ठिणगी पडली की मगच पेटतं. "ज्या गाडीत दाब जास्त, तिले सबुरीवालं पाह्यजे. तुमच्या या गाडीत दाबच नाई, तं सबुरी काय लोणच्यात घालता?" मग माझ्याकडे बघून हसले. "तुमचा नंबर साठच्या वर जात नाई वहिनी. चावी लावाच्या आधीच भडकता."

मी त्यांच्या हातातला चहाचा कप काढून घेतला. तेव्हा म्हणाले, "पाह्यलं?"

आता डब्यांचं. आमच्या छपरीत दोन निळे डबे असायचे, अगदी सारखे. एकात विहिरीवरच्या इंजिनाचं डिझेल, दुसऱ्यात पेट्रोल. गाडी रोज चालत नव्हती, म्हणून भाऊजी टाकी भरून ठेवू देत नव्हते. म्हणायचे, उभ्या गाडीच्या टाकीत हे नवं मिसळीचं तेल पाणी धरतं, डब्याचं झाकण घट्ट असलं तर ताजं राहतं. बाळंतपणाला अजून वीस दिवस होते. आठ दिवस आधी टाकी भरू, असं ठरलं होतं. माझा गोंधळ होऊ नये म्हणून त्यांनी पांढऱ्या रंगाने डब्यांवर नावं लिहिली. मी चौथी पास आहे, वाचता येतं. एका डब्यावर लिहिलं "भारी", दुसऱ्यावर "हलकं". त्यांच्या खात्यात डायवर लोक डिझेलला भारी तेल म्हणत, पेट्रोलला हलकं. त्यांना ते शब्द तोंडात बसलेले. मला त्यांनी एकदा सांगितलंही असेल. मी ऐकलं असेल, चुलीवर भाकर असेल, विसरले असेन.

त्या दिवशी विनोद ऑफिसच्या कामाने नागपूरला गेला होता. दहाच्या सुमाराला संगीता पाठ धरून खाली बसली. मी शेजारच्या बाईला अँब्युलन्सला फोन लावायला सांगितलं. ती दुसऱ्या पेशंटला घेऊन गेली होती, यायला वेळ लागणार होता. मग त्या बाईलाच भाऊजींकडे पळवलं. विनोदला फोन केला. तो घाबरून एकदम दहा गोष्टी बोलला, त्यातली एक मला ऐकू आली. "आई, गाडीत तेल कमी असन. चांगलं टाकजो. भारीवालं टाकजो."

त्याच्या मनात पंपावरचं महाग पेट्रोल होतं. मी छपरीत गेले. समोर दोन डबे. भारी आणि हलकं.

आता जे सांगते ते मी कोणाला सांगितलं नव्हतं. मी हलक्याच्या डब्याला हात लावला होता. थोडं तेल हाताला लागलंसुद्धा. मग थांबले. हलकं हा शब्द मला लहानपणापासून माहीत आहे. हलकं कापड, हलके तांदूळ, हलक्या जातीचे. माझ्या आईला विहिरीपासून लांब उभं करायचे तेव्हा हाच शब्द वापरायचे. मी म्हटलं, माझं नातवंड जगात येतं आहे आणि त्याच्या गाडीत मी हलकं टाकू? मुलगा म्हणतो भारी टाक, डब्यावर लिहिलं आहे भारी. मी भारीचा डबा उचलला आणि त्यातले पाचही लिटर टाकीत ओतले. झाकण लावलं, वरून हात फिरवला.

भाऊजी धावत आले तेव्हा संगीता गाडीत बसलेली होती. त्यांनी काटा पाहिला, "तेल टाकलं?" विचारलं, मी हो म्हटलं. त्या दिवशी त्यांनी कागद काढला नाही. आयुष्यात पहिल्यांदा काढला नसेल. नळीत उरलेल्या पेट्रोलवर गाडी काही मैल नीट चालली. मग खाडखाड वाजायला लागली, धूर ओकला आणि आचके देत थांबली.

तर भाऊजी रस्त्यात हात पसरून उभे होते. टरबुजांनी भरलेली एक पिकअप आली. हॉर्न वाजवला तरी भाऊजी हलले नाहीत. ब्रेक किंचाळले. डायवर खिडकीतून ओरडला, "ए बुढ्ढे, मरना है क्या?"

"मरना नहीं भाऊ. पैदा होना है," भाऊजी म्हणाले आणि गाडीकडे बोट दाखवलं.

त्या माणसाने आत डोकावून पाहिलं आणि शिवी अर्ध्यातच गिळली. दोघांनी मिळून टरबुजं उतरवायला घेतली. उतरवायला कसली, फेकायलाच. रस्त्याच्या कडेला लाल चिखल झाला. मागे जागा झाली तिथे पोती टाकली, संगीताला झोपवलं. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं. वर ऊन भाजत होतं. भाऊजींनी गाडीच्या सीटवरची चादर ओढून आणली, पिकअपच्या कठड्याला पाठ टेकून उभे राहिले, दोन हातांनी चादर आमच्यावर धरली आणि तोंड रस्त्याकडे फिरवलं. सत्तरीचा माणूस. खड्ड्यात पिकअप आदळायची, टरबुजं त्यांच्या पायावर गडगडत यायची. त्यांनी ना चादर खाली केली, ना मान वळवली.

संगीताने मला विचारलं, "आई, हेबी जाईन का?"

मी म्हटलं, "गप राह्य. जोर धर." मला वाटत होतं, गाडी जुनी होती, ऊन होतं, भेसळ होती, काय होतं? भारी टाकूनही गाडी कशी बंद पडली? वेणा नदीचा पूल आला तरी मला कळलेलं नव्हतं.

दवाखान्यात तिला आत नेलं. भाऊजी बाहेर बाकड्यावर बसले. हात वर करून करून ताठले होते, खाली येत नव्हते. तेव्हा त्यांनी मला सांगितलं. "वहिनी, ते डिझेल होतं."

"पण त्यावर भारी लिहिलं होतं."

"हो. म्याच लिहिलं होतं."

मी त्यांना सगळं सांगितलं. हलक्याच्या डब्यावरून हात का काढला तेही. ते म्हणाले, "सायबलोकायच्या गॅरेजमधले शब्द. तीस वर्सं बोललो. म्या कधी इचार नाई केला."

आतून आवाज आला नाही. मूल रडतं तो आवाज यायला पाहिजे, तो आला नाही. मग खूप वेळाने, बहुतेक खूप वेळ नसेल, मांजरीसारखा आला. डॉक्टरबाई बाहेर येऊन म्हणाल्या, नाळ गळ्याला गुंडाळलेली होती, आणखी उशीर व्हायला नको होता. मुलगी आहे.

दुपारी विनोद आला. संगीताची आईही आली. तिने मुलीचं तोंड पाहायच्या आधी माझं पाहिलं. विनोदने विचारलं, "गाडी कशी काय बंद पडली?"

मी तोंड उघडलं. भाऊजी माझ्या आधी बोलले. "माह्या हातानं झालं बाबू. घाईत डबा चुकला. डिझेल टाकलं म्या."

विनोद त्यांच्याकडे बघतच राहिला. "काका, तुम्ही?"

"म्हातारा झालो."

संगीताची आई म्हणाली, "मोठे कागद घेऊन फिरते! जीव घेतला असता पोरीचा." भाऊजींनी मान हलवली.

मी त्यांना नळापाशी गाठलं. म्हटलं, हे काय केलं? मी सांगते खरं. ते तोंडावर पाणी मारत होते. म्हणाले, "तुम्हाले त्या घरात राह्याचं हाये वहिनी. मले फक्त चौकात बसाचं हाये."

आणि मी गप्प बसले. याला दुसरा शब्द नाही. भ्याले आणि गप्प बसले. त्यांनी सांगितलं म्हणून नाही, मला तेच पाहिजे होतं म्हणून. नात मांडीवर पाहिजे होती.

चौकात बसणं त्यांना वाटलं तेवढं सोपं गेलं नाही. लोक विचारायचे, "काय डागवाले, आज कोणतं पिऊन आले? भारी का हलकं?" ते हसायचे. कोणी म्हणायचं, "डागवाल्यालेच डाग लागला." त्यावरही हसायचे. पण पंपावर जाणं त्यांनी सोडलं. नव्या गाड्या आल्या, त्यांची झाकणं उघडायला त्यांना कोणी बोलावलं नाही. विनोदने टाकी धुऊन घेतली, गाडी दुरुस्त केली. काकांना वाईट बोलला नाही, पण चावी खिळ्यावरून काढून कपाटात ठेवायला लागला. तो ती चावी तिथे ठेवताना मी रोज बघायची.

बाळ दोन आठवड्यांचं झालं तेव्हा एका सकाळी भाऊजी रॉकेलचा बोळा घेऊन आले. दोन्ही डब्यांवरची अक्षरं घासून काढली. वाळल्यावर नवी लिहिली, डिझेल आणि पेट्रोल. चहा मागितला. मी त्यांच्या खिशाकडे पाहिलं तर कागद नव्हते. मी म्हटलं, "तुम्ही सांगत होते ना, दाबलं तरी भडकत नाई ते पंचाण्णव नंबरचं?" ते म्हणाले, "च्यात साखर कमी हाये."

गेल्या थंडीत ते वारले. छातीत कफ भरला, चार दिवस पडून होते. मी रोज जेवणाचा डबा घेऊन जायची. तिसऱ्या दिवशी म्हटलं, भाऊजी, आता सांगून टाकते. त्यांनी हात हलवला. हो म्हणून की नको म्हणून, मला कळलं नाही. अजूनही कळलेलं नाही.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी समाजमंदिरात लोक जमले. दोनचार जण बोलायला उठले. माणूस साधा होता, कोणाचं वाईट केलं नाही, असं. एकजण म्हणाला, शेवटी शेवटी जरा विसरभोळे झाले होते, डिझेल टाकून बसले. लोक हसले. प्रेमानेच हसले, पण हसले.

मी उभी राहिले. सभेत कधी बोलले नव्हते. म्हटलं, "ते डिझेल म्या टाकलं होतं. त्यायनं नाई. मले भारी आन् हलक्यातलं कळलं नाई. त्यायनं माह्यावरचं स्वतःवर घेतलं आन् म्या घेऊ दिलं." आणि खाली बसले. वंदना झाली, जेवणं झाली.

घरी येताना संगीता माझ्या पुढे चालत होती, मुलगी तिच्या कडेवर. दारापाशी थांबली. मला वाटलं आता भडकेल. म्हणाली, "आता सांगून काय उपेग आई? ते तं गेले."

खरं आहे. उपयोग नाही. तिने मुलीला माझ्याकडे दिलं आणि चूल पेटवायला आत गेली. ती रागात होती का, मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

गाडी अजून आहे. परवा विनोदसोबत पंपावर गेले होते. नळीवाल्या मुलीने विचारलं, "साधं का प्रीमियम?" विनोद म्हणाला साधं. मी म्हटलं, थांब, आणि पिशवीतून एक पांढरा कागद काढला. मागचा हॉर्न वाजवायला लागला. मी मुलीला एक थेंब टाकायला लावला आणि फुंकर मारली. कागद कोरा झाला.

डिझेल टाकलं त्या दिवशी त्या गाडीत आम्ही चौघं होतो. संगीता, तिच्या पोटातली पोर, भाऊजी आणि मी. चौघंही जगलो.